संगीताची दिशा बदलणारा अल्बम ओळखायचा कसा?

सकाळी सोलापूरच्या धर्मवीर संभाजी तलावाला फेऱ्या मारून झाल्या की आमचा पाच-सहा जणांचा घोळका चहाच्या टपरीवर थांबतो. परवा तिथं इंजिनिअरिंगच्या एका मुलानं मोबाईलवर एक यादी दाखवली. ॲपल म्युझिकनं २०२४ मध्ये जाहीर केलेले सर्वोत्तम १०० अल्बम. पहिला क्रमांक लॉरिन हिल या अमेरिकन गायिकेच्या १९९८ च्या अल्बमचा, दुसरा मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा. आमच्यात पूर्व भागातले एक काका आहेत. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. त्यांनी चष्मा सारखा करून यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "यात गीतरामायण कितव्या नंबरला आहे बाळा?"

नव्हतंच. "काका, ही इंग्रजी गाण्यांची यादी आहे हो," मुलगा म्हणाला. "असं वर लिहिलंय का?" काका म्हणाले. लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात एकानं सांगितलं, जो सगळ्यात जास्त खपला तोच पहिला पाहिजे की. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यानं आधी केलं त्याचा मान. चहा दोनदा झाला, वाद मिटला नाही. मिटणारच नव्हता, कारण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. कोणता सुंदर, कोणता खपाऊ, कोणता आधीचा, आणि कोणत्या अल्बमनंतर गाणं पूर्वीसारखं राहिलं नाही, हे चार निराळे प्रश्न आहेत. मला त्यातला चौथा महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर शोधण्याची एक रीतही आहे.

आधी अल्बम म्हणजे काय ते बघू

जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या फिरायची आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तासभर रंगणारी गायकी त्यांना एवढ्याशा वेळात बसवावी लागली. एखादी मोठी रचना विकायची असली की चार-पाच तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून द्यायचे. ती वही फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी मोठी तबकडी आणली. तीच एलपी. हिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं मावू लागली आणि वहीची गरज संपली, नाव मात्र टिकलं. पण जागा मिळाली म्हणून तिचा उपयोग लगेच कळला असं झालं नाही. लोकप्रिय संगीतात पुढं बरीच वर्षं एलपी म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरती. १९५५ मध्ये फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकानं उत्तररात्रीच्या एकटेपणाची गाणी एका एलपीत गुंफली, तशी उदाहरणं थोडी. एकत्र, ठरलेल्या क्रमानं ऐकायचा गाण्यांचा संच हा अल्बमचा आजचा अर्थ हळूहळू घडत गेला.

दिशा बदलणं म्हणजे काय? उजनीकडे बघा

आपला जिल्हा ज्वारीचं कोठार. मंगळवेढ्याची मालदांडी आजही नाव घेऊन विकली जाते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालव्यांना पाणी आलं आणि जिथं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी होती तिथं ऊस उभा राहिला. मागून कारखाने आले, ट्रॅक्टर आले, सोयरिकी जुळवताना विचारायचे प्रश्नसुद्धा बदलले. धरणाची भिंत देखणी आहे का, हा एक प्रश्न. धरणाच्या खाली पीक बदललं का, हा दुसरा.

अल्बमलाही हाच दुसरा प्रश्न विचारायचा. त्याच्यानंतर आलेल्या गायकांनी, संगीतकारांनी, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी आपली रीत बदलली का? बदलली असेल तर त्या अल्बमनं दिशा बदलली, मग तो तुम्हाला आवडो न आवडो. मला उसापेक्षा ज्वारीच प्यारी आहे, पण म्हणून उजनी छोटं होत नाही.

बीटल्सनं असं काय केलं?

या वादात ज्याचं नाव हमखास निघतं तो बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडचा १९६७ चा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. नुसती कीर्ती ऐकून हा अल्बम लावणाऱ्याला पहिल्यांदा कळत नाही की एवढं काय आहे यात. ते समजायला मागावर जावं लागेल.

आधीची रीत अशी होती की सगळे वादक आणि गायक एका खोलीत उभे राहणार, एकदम वाजवणार, आणि यंत्र त्याची नोंद घेणार. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा सुरुवातीपासून. बीटल्सनी आपल्या पहिल्या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात अशी उरकली. ध्वनिफीत म्हणजे तेव्हा प्रसंगाचा फोटो.

चार वर्षांनी त्याच माणसांनी एका अल्बमवर पाचेक महिने घालवले. त्यांच्या हाताशी चार पट्ट्यांची टेप होती. एकाच टेपवर चार वेगळ्या वाटा, प्रत्येकीवर वेगळ्या वेळी वेगळं काहीतरी भरता येतं. याला बहुपट्टी ध्वनिमुद्रण म्हणतात. चादरीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी भरतात आणि मग मागावर त्या रंगांची फुलं उमटतात, तसंच हे. चारही पट्ट्या भरल्या की त्या दुसऱ्या यंत्रावर एकत्र करून पुन्हा जागा मोकळी करायची आणि वरून आणखी थर चढवायचे. १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौऱ्यावर जाऊन गाणं बंद केलं होतं, त्यामुळे हे सगळं स्टेजवर वाजवता येईल का ही काळजीच उरली नव्हती.

इथं मुद्दा उलटतो. आधी गाणं होतं आणि ध्वनिफीत ही त्याची नोंद होती. आता ध्वनिफीत हेच गाणं झालं. वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापले, इंग्लंडमध्ये त्यातलं एकही गाणं सुटं विकायला काढलं नाही. घ्यायचा तर पूर्ण अल्बम घ्या. त्यानंतर रॉक संगीतात गंभीरपणे काही म्हणायचं असेल त्याला अल्बमच्या आकारात विचार करणं भाग पडलं.

पण सगळं श्रेय एकट्या या अल्बमला देणं बरोबर नाही. बीटल्सचा डिसेंबर १९६५ चा 'रबर सोल' ऐकून अमेरिकेतल्या बीच बॉइजचा ब्रायन विल्सन पेटला आणि त्यानं मे १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' आणला. तो ऐकून बीटल्सचा पॉल मॅकार्टनी पेटला. पाणी असं एका दारातून दुसऱ्या दारात आलं. इतिहास सांगताना आपण शेवटच्या दाराचं नाव तेवढं लक्षात ठेवतो.

आणि एक सल. 'सार्जंट पेपर्स'मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचं एक गाणं तबला, दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडळ यांच्यावर उभं आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी ते वाजवलं. वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. ज्यांच्या हातानं चादर विणली जाते त्यांचं नाव चादरीवर नसतं, हे आमच्या गावाला नवीन नाही, पण म्हणून ते कमी लागतं असं नाही.

"पण सगळ्यात जास्त खपला तोच मोठा ना?"

खप हा पुरावा असतो, निकाल नसतो. १९६७ मध्येच न्यू यॉर्कच्या व्हेल्वेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम आला. फार थोड्यांनी घेतला. पण घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढं स्वतःचे बँड काढले, असं ब्रायन ईनो या संगीतकाराचं म्हणणं प्रसिद्ध आहे. पुढं जो कच्चा, खडबडीत आवाज जाणूनबुजून वापरला गेला त्याचं मूळ तिथं शोधतात. पाणी थोडं, पण बियाण्याच्या शेतात गेलेलं.

उलट 'थ्रिलर'. नोव्हेंबर १९८२ मध्ये आला, अमेरिकेच्या खपाच्या तक्त्यावर ३७ आठवडे पहिला राहिला, त्यातल्या नऊपैकी सात गाण्यांनी सुटी म्हणूनही पहिल्या दहांत जागा मिळवली. हा अल्बम माझ्या यादीत आहे, पण खपासाठी नाही. एमटीव्ही ही गाण्यांची चित्रवाहिनी १९८१ मध्ये सुरू झाली होती आणि कृष्णवर्णीय कलाकारांना तिथं जवळजवळ जागा नव्हती. 'थ्रिलर'मधल्या गाण्यांच्या चित्रफितींनी ते दार उघडलं. शीर्षकगीताची चित्रफीत तर चौदा मिनिटांची, जणू छोटा सिनेमा. गाणं ऐकायचं तसंच बघायचंही असतं हे तिथं पक्कं झालं. गणपतीच्या स्टेजवर पांढरे मोजे घालून मागे सरकत नाचणारी पोरं आपल्या गल्लीत होती, त्यांनी तो अल्बम पूर्ण कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो बघितला होता.

"ज्यानं पहिल्यांदा केलं त्याचं काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्याच्या मध्यभागी मुंबईचा एक वादक आहे.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे गुणी कलाकार. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी इलेक्ट्रॉनिक यंत्रं एकमेकांना जोडली आणि भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक छोटं रुपेरी यंत्र, टीबी-३०३, एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. त्या कामासाठी ते कुणाला आवडलं नाही आणि १९८४ मध्ये कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं. सिंग यांच्या हातात मात्र ते रागाचे स्वर धरून घसरत, वळत गात होतं. एचएमव्हीनं एलपी काढली. ती चालली नाही.

इकडे अमेरिकेत शिकागोतल्या तरुणांना तेच नापास यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं. त्याची बटणं मनाला येईल तशी फिरवताना एक चिरका, वळवळणारा आवाज निघाला आणि त्यातून नाचाच्या संगीताचा नवा प्रकार जन्मला, ॲसिड हाउस. त्याची ओळखीची तबकडी १९८७ ची. युरोपभर त्यानं धुमाकूळ घातला. २०१० मध्ये सिंग यांची एलपी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. हाच आवाज, पाच वर्षं आधी, मुंबईत, आणि तोही रागात!

मग चरणजित सिंग यांनी दिशा बदलली का? मन हो म्हणतं. पण शिकागोच्या मुलांनी ती एलपी ऐकलेली नव्हती. विहिरीला गोड पाणी लागलं होतं, तिच्यावरून पाट निघाला नाही. म्हणून आपल्या कसोटीवर उत्तर नाही असंच द्यावं लागतं, आणि ते देताना मला वाईट वाटतं. मात्र त्यांनी दुसरं काहीतरी बदललं. इलेक्ट्रॉनिक संगीत पश्चिमेत उगवलं आणि आपण ते उसनं घेतलं, ही सरळ गोष्ट त्या एका एलपीनं वाकडी केली. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन तेच राग तरुणांपुढं वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

"म्हणजे खरं काम यंत्रांनीच केलं!"

अर्धं बरोबर. कॅसेट नसती तर महाराष्ट्राचं निम्मं गाणं बाहेर आलंच नसतं. तबकड्यांच्या काळात एका मोठ्या कंपनीच्या हाती सगळा कारभार होता. कॅसेट स्वस्त, छोट्या खोलीत भरता येणारी. १९८० च्या दशकात भीमगीतं, भारुडं, विठ्ठलाची गाणी, लोकगीतं यांचा पूर आला. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्यानं तर रिक्षा, लग्नं आणि वराती व्यापून टाकल्या. गड्ड्याच्या यात्रेतल्या कॅसेटच्या गाळ्यावर एका रांगेत मराठी, दुसऱ्या रांगेत कन्नड, तिसऱ्या रांगेत तेलुगू आणि खाली कव्वाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तिथं दिशा एका अल्बमनं बदलली नाही, कॅसेट नावाच्या डबीनं बदलली.

पण दरवेळी असं नसतं. यंत्र पाणी देतं, कालवा कुठून काढायचा ते माणूस ठरवतो. १९९२ मध्ये ए. आर. रहमान यांचा 'रोजा' आला. सिंथेसायझर तेव्हा आपल्याकडे नवे नव्हते. नवी होती ती रीत. मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर वादक बसवून एका सकाळी गाणं उरकण्याऐवजी रहमान चेन्नईतल्या घरच्या स्टुडिओत एकेक सूर वेगळा घेऊन थर रचत होते. बासरीचा एक श्वास, मागं कुठंतरी पाण्याचा भास, आणि मध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा ऐकून आम्ही कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावायचो. काही वर्षांत छोटे स्टुडिओ, संगणकावरचं संगीत हीच सिनेमाची रीत झाली.

त्याची किंमत कुणी दिली? मुंबईच्या व्हायोलिनवादकांनी, सरोदियांनी, मेंडोलिनवाल्यांनी. शंभर हातांचं काम एका खोलीत होऊ लागलं तसं त्यांचं बोलावणं आटत गेलं. काका हे ऐकून बराच वेळ गप्प होते. गिरण्यांचे भोंगे बंद पडताना त्यांनी ऐकलेत. उजनीनंही गावं पोटात घेतली आहेत. एखाद्या अल्बमनं दिशा बदलली असं म्हणताना ती सगळ्यांच्या भल्याकडे बदलली असं गृहीत धरू नये.

"मग गीतरामायणाचं काय?"

काकांचा प्रश्न मी विसरलो नाही. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांचं पहिलं गीत लागलं आणि पुढं १९ एप्रिल १९५६ पर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं आली. शब्द एकाचे, संगीत सुधीर फडके यांचं, कथा एक, क्रम ठरलेला. 'पेट साउंड्स'च्या अकरा वर्षं आधी. एकत्र ऐकायचा, क्रमानं उलगडणारा संच हाच अल्बमचा अर्थ असेल, तर हा अल्बमच आहे. फक्त तो तबकडीतून नाही, रेडिओतून आला, आठवड्याच्या हप्त्यानं. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजारच्या ओट्यावर बसून ऐकत होते.

पीक बदललं का? माझ्या मते बदललं. सिनेमाबाहेरचं मराठी गाणं सुट्या भावगीतापुरतं असतं ही समजूत गेली. गदिमांनी पुढं 'गीतगोपाल' लिहिलं. गाण्यांच्या माळेतून आख्खं चरित्र सांगायचं, त्याचा एकट्यानं कार्यक्रम करायचा, हे रुळलं. आणि त्याच चालींवर हे काव्य हिंदी, कन्नड, तेलुगू आणि आणखी कितीतरी भाषांत गेलं. काकांनी हे ऐकून टपरीवरच दोन ओळी तेलुगूत गुणगुणल्या.

आपल्याच मातीतला 'सैराट' मात्र मला अजून ठरवता येत नाही. जेऊरचा दिग्दर्शक, करमाळ्यातलं चित्रीकरण, अजय-अतुल यांची चारच गाणी, आणि त्यांना हॉलिवुडमधल्या स्टुडिओत वाजलेला मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद. २०१६ नंतर आपल्याकडे हळद 'झिंगाट'शिवाय होत नाही, ते गाणं हिंदीतही गेलं. पण हा परिणाम एका गाण्याचा आहे. त्यानंतरच्या मराठी सिनेमानं संगीताची रीत बदलली का, हे बघायचं आहे. माझा कल हो कडे आहे, कारण गावाकडच्या प्रेमाला शंभर व्हायोलिनं शोभतात हे त्याआधी कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

"याद्या करणारे कोण टिकोजी?"

हा राग रास्त आहे. यादी म्हणजे मतदान, आणि मतदार बदलले की निकाल बदलतो. रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकाच्या २००३ च्या यादीत 'सार्जंट पेपर्स' पहिला होता आणि पहिल्या दहांत चार अल्बम बीटल्सचे. २०२० मध्ये नव्यानं मतं घेतली. पहिला आला मार्विन गे यांचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन', 'सार्जंट पेपर्स' थेट २४ वा, आणि पहिल्या दहांत बीटल्सचा एकच. मधल्या सतरा वर्षांत एकाही जुन्या अल्बमचा सूर हललेला नाही.

मोजण्याचं साधन बदललं तरी असंच होतं. अमेरिकेत खपाचे तक्ते पूर्वी दुकानदारांना विचारून बनायचे. मे १९९१ पासून हे तक्ते छापणाऱ्या बिलबोर्ड नियतकालिकानं दुकानात बारकोडवर झालेली खरी विक्री मोजायला सुरुवात केली. ऊस अंदाजानं न घेता वजनकाट्यावर घालावा तसं. लगेच हिप-हॉप आणि कंट्री संगीत तक्त्यात उसळून वर आलं. ते आधीही विकलं जात होतं, कुणी सांगत नव्हतं. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड'नं मायकल जॅक्सनच्या अल्बमला पहिल्या जागेवरून हटवलं, तेही याच नव्या काट्यावर.

आपल्या कॅसेटी कुठल्याच काट्यावर चढल्या नाहीत. ज्या गावोगावी विकल्या गेल्या, नकला होऊन वाटल्या गेल्या, त्यांचा धड हिशोब झाला नाही. म्हणून जगाच्या यादीत आपण नाही. यात आपल्या गाण्याचा दोष नाही.

"आता अल्बम ऐकतोच कोण?"

मोबाईलवर गाणी सुटी वाजतात. स्पॉटिफायवर एखादं गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं की ते वाजलं असं धरतात आणि त्याचे पैसे मोजतात. साहजिकच गाण्याची सुरुवात आखडली. मुखड्याआधीचं लांबलचक वाद्यसंगीत गेलं. ७८ च्या तबकडीनं गौहर जान यांच्या गायकीला जो वेळ आखून दिला होता, तसाच हाही एक आखलेला वेळ आहे.

इंजिनिअरिंगच्या मुलाला मी एवढंच सुचवलं की यादीतला किंवा यादीबाहेरचा कुठलाही एक अल्बम घे, क्रम न मोडता पूर्ण ऐक, आणि मग त्याच्या आधी आणि नंतर दहा वर्षांत आलेली दोन-दोन गाणी ऐक. काल त्यानं 'रोजा' तसा ऐकला. आज सकाळी तलावावर आला तो काकांना म्हणाला, "काका, गीतरामायणाची ५६ गाणी एका दमात होत नाहीत हो." काकांनी चहा फुंकत सांगितलं, "आठवड्याला एकच लाव. आम्ही तसंच ऐकलं की."